परदेशात गेलेल्या आजोबांचं आयुष्य कसं गोळा करायचं: दोन पानांची वही

सगळ्यात आधी एक दोनशे पानी फुलस्केप वही आणा. लॅपटॉप वगैरे नंतर. डाव्या पानावर वर लिहा 'गाव', उजव्या पानावर लिहा 'तिकडे', आणि समासात साल. बस, निम्मं काम झालं असं समजा, कारण बाकी जे काही मी खाली सांगणारे ते सगळं ही दोन पानं कशी भरायची त्याबद्दलच आहे.

हे दोन पानांचं डोकं माझं नाही, परिस्थितीनं सुचवलेलं आहे. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, पाटण तालुक्यातल्या एका गावातून १९५८ साली इंग्लंडला गेले आणि मँचेस्टरचेच झाले. २०१९ ला गेले तेव्हा मी त्यांच्यावर 'काहीतरी लिहू' म्हणून बसले आणि लक्षात आलं की गावाकडच्यांना नाना सत्तावीस वर्षांपर्यंत माहीत आहेत, त्यानंतर फक्त 'येताना काय आणलं' एवढंच, आणि मँचेस्टरच्या लोकांना ते हॅट घालणारे, हळू बोलणारे एक सभ्य गृहस्थ म्हणून माहीत आहेत ज्यांना आई होती, भाऊ होते, विहिरीत उड्या मारायचे याचा पत्ताच नाही. दोन्हीकडची माणसं एकमेकांशी कधी धड बोललेलीच नाहीत. बाहेर गेलेल्या प्रत्येक आजोबांचं हेच असतं हो, मग ते लंडनला गेलेले असोत नाहीतर न्यू जर्सीला.

आधी डबे उघडा, पण हावरटासारखे नको

बिस्किटांचे पत्र्याचे डबे, कपाटाच्या वरच्या ब्रीफकेसा, देवघराच्या खालचा खण. जे सापडेल ते बाहेर काढायच्या आधी आहे त्या क्रमानं मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणतं पत्र कुठल्या पावतीसोबत होतं हे नंतर फार कामाला येतं आणि एकदा विस्कटलं की गेलंच.

पासपोर्ट सापडला तर तो पहिल्या पानापेक्षा शेवटच्या पानांवर जास्त वाचा. त्या काळी परकीय चलन किती दिलं त्याचे शिक्के पासपोर्टात मारायचे. आता आपल्याकडे प्रत्येकाचे आजोबा 'खिशात तीन पौंड घेऊन' गेलेले असतात, अमेरिकेला गेलेले असतील तर 'आठ डॉलर'. साठच्या दशकातल्या पुष्कळांच्या बाबतीत ते खरं आहे, पण म्हणून तुमच्या आजोबांचं खरं असेलच असं नाही. नानांच्या शिक्क्यावर तीनपेक्षा बराच मोठा आकडा निघाला आणि मामाचा चेहरा असा पडला की काय सांगू, चाळीस वर्षं तो ही गोष्ट ऑफिसात सांगत होता! तर शिक्का बघा, मग लिहा. जन्मतारखेचंही तसंच. पासपोर्टावर १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली तारीख आहे, जूनमध्ये शाळा सुरू म्हणून निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी. खरी हवी असेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना तिथी, सण, पाऊस, कोणाचं लग्न असं विचारावं लागतं.

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगते. कागदपत्रं ३०० डीपीआयला (स्कॅन किती बारीक करायचं त्याचा स्कॅनरमधला आकडा), छोटे फोटो ६०० ला, निगेटिव्ह असतील तर २४०० च्या खाली नको. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा आणि वॉट्सअपवर फिरवायला वेगळी जेपेग करा. आणि वॉट्सअपवर आलेला फोटो 'मूळ' म्हणून जपू नका, त्याची पार वाट लागलेली असते. फोटोची मागची बाजू पण स्कॅन करायची, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि सगळे जण हीच विसरतात. मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेन नको, पुढं उमटतं. ते चिकट पानांचे अल्बम असतात ना, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले, त्यातून फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा मागून हळूहळू फिरवत न्या, सुटतो. नाहीच सुटला तर राहू दे, तसाच पानासकट स्कॅन करा.

एरोग्राम, ती निळी घडीची पत्रं, बहुतेक घाईनं फाडलेली असतात आणि नेमकं शेवटचं 'ता.क.' फाटलेल्या कडेवर असतं, तेव्हा तुकडे पण जपा. तारीख लिहिलेली नसेल तर पोस्टाचा शिक्का बघा.

कॅसेट असतील तर तुम्ही नशीबवान. सत्तर-ऐंशीच्या दशकात पुष्कळ घरांत पत्राऐवजी कॅसेट टेप करून पाठवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून. आधी कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या टिकल्या असतात त्या तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी नानांवर कोणाचं भजन टेप होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं पळवून घ्या, आणि प्लेअर केबलनं कॉम्प्युटरला जोडून ऑडासिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेव्ह फाइल करा. आमच्या एका कॅसेटमध्ये नाना सात मिनिटं फक्त बागेतल्या बटाट्यांबद्दल बोलतायत आणि मागं आजी 'ते पैशाचं सांगा ना' म्हणते, आणि ते सांगत नाहीत. त्या सात मिनिटांत जेवढे नाना आहेत तेवढे कुठल्याही फोटोत नाहीत.

मग माणसं, आणि ही वाट बघत नाहीत

खरं तर हे काम डब्यांच्याही आधी सुरू करायला हवं. डबा पुढच्या वर्षीही तिथंच असतो, आजी असेलच असं नाही.

मोबाइलवर रेकॉर्डिंग चालतं, फक्त फ्लाइट मोडवर टाका, फोन टेबलावर घडी केलेल्या रुमालावर ठेवा, पंखा बंद, कुकर बंद. सुरुवातीला तुमचं नाव, त्यांचं नाव, तारीख आणि जागा बोला. पाऊण तासाच्या वर ताणू नका, दमतात, आणि दमली की 'सगळं छान होतं' एवढंच म्हणतात. आणि त्यांची परवानगी घ्या, तीसुद्धा रेकॉर्डवर.

'तिकडचं आयुष्य कसं होतं?' असं विचारलंत तर उत्तर येणार 'कष्ट केले बाबा'. त्यात काही दम नाही. हाताला लागतील अशा गोष्टी विचारा: पहिल्या खोलीची किल्ली कोणाकडे असायची, अंघोळ कुठं, तूरडाळ कुठून यायची, केस कोण कापायचं, पहिल्या पगारातून काय घेतलं, गावाला पैसे कसे आणि कोणाच्या नावावर पाठवायचे, थंडीत रात्री झोपताना अंगावर काय काय घालायचे. आमच्या आजीला मी मीटरबद्दल विचारलं, कारण त्या काळी तिकडच्या भाड्याच्या खोल्यांत गॅसचा मीटर असायचा, त्यात शिलिंगचं नाणं टाकायचं तेव्हा शेगडी चालायची. तर आजी म्हणाली की भाकरी तव्यावर अर्धी असताना गॅस जायचा आणि नाना खालच्या मजल्यावरच्या आयरिश बाईकडं नाणं मागायला पळायचे, त्यांना इंग्लिश बोलायची लाज वाटायची म्हणून ते नुसतं नाणं दाखवल्यासारखी बोटं करायचे, आणि तिथून पुढं ती तासभर थांबली नाही. शिलिंग आता कोणाला माहीत, तिकडं १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान नाणी आली आणि सगळा हिशेबच बदलला, पण आजीच्या बोटांना अजून माहीत होतं.

शांतता आली तर ती भरू नका. मला हे शिकायला फार वेळ लागला, मी फार बडबडते.

सालं कशी पक्की करायची

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नये. त्यांना 'कशाच्या आधी, कशाच्या नंतर' विचारावं. आजीला इंग्लंडला गेल्याचं साल आठवत नव्हतं, पण 'पानशेत फुटलं, आईच्या घरात गाळ शिरला, तो काढला आणि मग मी निघाले' हे पक्कं होतं. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. झालं! आणि 'दुधाच्या बाटलीचं झाकण वर उचललं जायचं इतकं दूध गोठायचं तो पहिलाच हिवाळा की दुसरा?' तर 'दुसरा', म्हणजे १९६२-६३ चा, इंग्लंडमध्ये १७४० नंतरचा सगळ्यात थंड हिवाळा. बरोबर जुळलं.

गावाकडच्या पानाला आमच्या भागात सगळ्यात पक्का खुंटा म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. घर त्याच्या आधीचं की नंतरचं, नानांचे पैसे कशासाठी आले, सगळं त्यावरून लागतं. तुमच्या भागातला खुंटा वेगळा असेल, बहात्तरचा दुष्काळ असेल, किल्लारी असेल, गिरणीचा संप असेल. अशा खुंट्यांची यादी दोन्ही पानांसाठी आधीच करून ठेवा आणि मग गप्पा मारा.

सरकारी कागद: तिकडचे

इंग्लंडला बोटीनं गेलेल्यांसाठी सोनं म्हणजे प्रवाशांच्या याद्या. लंडनजवळ क्यू इथं ब्रिटनचं नॅशनल आर्काइव्हज आहे, तिथं 'बीटी २६' या मालिकेत १९६० पर्यंत बाहेरून बोटीनं आलेल्यांच्या याद्या आहेत, नाव, वय, धंदा आणि तिथं कुठं राहणार तो पत्ता. ॲन्सेस्ट्री या पैसे घेणाऱ्या साइटवर त्या शोधता येतात, पण तिकडच्या बऱ्याच सार्वजनिक लायब्ररीत ती फुकट वापरता येते, तेव्हा तिकडच्या भावंडाला कामाला लावा.

आडनावानं शोधून सापडणार नाही हे गृहीत धरा. आपली नावं त्या कारकुनांनी अशी काही लिहिलीत की वडिलांचं नाव आडनाव झालंय, आडनाव गायब आहे. बोट आणि तारीख माहीत असेल तर सगळी यादी नजरेखालून घाला. आमची बोटीची गंमत अशी की आजी कायम म्हणायची 'हे सर्कशीच्या बोटीनं गेले'. आम्हाला वाटायचं बोटीवर वाघ-सिंह होते की काय. ती निघाली 'सर्कासिया', अँकर लाइनची, मुंबई ते लिव्हरपूल जायची. म्हणून घरातले चुकीचे उच्चार दुरुस्त करू नका, आहेत तसे लिहून ठेवा, पुरावा त्यातच असतो. यादीत नाना सापडले ते वडिलांच्या नावावर, आणि धंद्याच्या रकान्यात 'स्टुडंट', जेव्हा की अख्खं गाव समजत होतं की पोरगा नोकरीला गेलाय.

१ जुलै १९६२ च्या आधी भारतातून जाणाऱ्याला ब्रिटनची परवानगी लागत नव्हती, कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून थेट जाता यायचं. त्या दिवशी कायदा बदलला आणि व्हाउचर पद्धत आली, म्हणजे कामासाठी जायचं तर आधी तिकडच्या सरकारचं व्हाउचर हवं. तुमच्या घरात बायका-मुलं ६१ किंवा ६२ ला 'एकदम घाईनं' गेली असतील तर घाईचं कारण बहुधा हे. आपल्या बाजूला मात्र पासपोर्ट मिळवणंच अवघड होतं, तो हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये म्हटलं आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला, तोवर सरकारची मर्जी. शिफारशीची पत्रं, जामीन कोण राहिलं, हे म्हणून विचारा. जामीन राहिलेल्या माणसाच्या घरी पण आठवणी असतात.

तिकडचं आणखी एक साधन म्हणजे मतदार याद्या. कॉमनवेल्थच्या लोकांना तिथं मत असतं, आणि यादी पत्त्यानुसार असते, त्यामुळं त्या घरात आणखी कोण कोण राहायचं ते कळतं. जुन्या याद्या शहराच्या लायब्ररीत ठेवलेल्या असतात. नानांचं पहिलं घर मॉस साइडमध्ये होतं, ती सगळी गल्लीच नंतर पाडली, पण मँचेस्टरच्या लायब्ररीनं शहराच्या जुन्या रस्त्यांचे हजारो फोटो ऑनलाइन ठेवलेत त्यात गल्ली सापडली. आजीनं फोटो बघून फक्त कोपऱ्यावरच्या दुकानावर बोट ठेवलं, 'इथं कांदे महाग'.

आजोबा अमेरिकेला गेले असतील तर तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे प्रत्येकाची 'ए-फाइल' असते, माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन फुकट करता येतो, माणूस गेलेला असेल तर मृत्यूचा दाखला जोडा. १९६५ च्या तिथल्या इमिग्रेशन कायद्यानंतर गेलेल्यांच्या फाइलीत डिग्र्यांच्या नकला, कंपनीची पत्रं असं बरंच निघू शकतं. मॉरिशसला गेलेले पणजोबा-खापरपणजोबा असतील तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे करारबद्ध मजुरांच्या नोंदी आहेत, काहींचे तर फोटोसुद्धा. तिथं नावापेक्षा इमिग्रेशन नंबर महत्त्वाचा, घरातल्या जुन्या कागदावर एखादा लांबलचक आकडा दिसला तर तो फेकू नका.

सरकारी कागद: इकडचे

शाळेचं जनरल रजिस्टर, तिथून शाळा सोडल्याचा दाखला. मुख्याध्यापकांना नीट भेटलात तर पान बघू देतात, आणि त्या पानावर त्याच वर्षीची इतर पोरं पण असतात, त्यातलं एखादं पोर आज नव्वदीचं पारावर बसलेलं असू शकतं. मला तसे एक सापडले.

सातबारा आणि त्याहून जास्त फेरफार. वारस नोंद कधी झाली, हक्कसोड कधी केलं, आजोबांचा हिस्सा कोणाच्या नावावर गेला हे फेरफारात असतं. महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागानं जुने कागद स्कॅन करून 'आपले अभिलेख' या पोर्टलवर घातलेत, बरेच तालुके मिळतात. जुने फेरफार मोडीत असतील तर घाबरू नका, मोडी वाचणारे लोक पुण्या-साताऱ्यात सहज मिळतात, पानाप्रमाणं पैसे घेतात. एक सूचना मात्र मनापासून: गावात फेरफार मागायला जाल तेव्हा चुलत्यांना आधी सांगून जा, नाहीतर 'परदेशातल्याची नात जमिनीवर आली' अशी बातमी चहा यायच्या आत पसरते. माझं तसं झालं. दोन दिवस कोणी नीट बोललं नाही.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला घराण्याचे उपाध्ये असतील तर त्यांच्या वह्यांतही सही असू शकते. नानांची नव्हती, त्यांच्या आजोबांची होती.

आता वही समोर घ्या

जे जे मिळालं ते सालाच्या ओळीत डावीकडं किंवा उजवीकडं टाकत जा. घाईनं गोष्ट लिहायला बसू नका. काय होतं ना, काही सालांत डावं पान गच्च आणि उजवं रिकामं, काही ठिकाणी उलटं. रिकाम्या जागा म्हणजे पुढच्या वेळी काय विचारायचं त्याची यादी.

आमच्या वहीत १९६४ च्या ओळीत डावीकडं होतं: 'नानांची आई वारली. तार केली. आला नाही.' हे मला गावात तीन वेगवेगळ्या माणसांनी, तीन वेगवेगळ्या वेळी, त्याच शब्दांत सांगितलं होतं. साठ वर्षं झाली तरी. उजवीकडं त्या साली मामाचा जन्म एवढंच.

आणि आमच्याकडं एक फोटो आहे, सगळ्यांचा लाडका, नाना तान्ह्या मामाला घेऊन बसलेत आणि डोक्यावर एक केस नाही, शेजारी खुर्चीवर लोकरीची टोपी. 'टकलू नाना' म्हणून तो दर वाढदिवसाला ग्रुपवर येतो, कोणीतरी म्हणायचं पैज हरले असतील. स्कॅन करताना मागची बाजू बघितली, आजीच्या अक्षरात 'एप्रिल ६४'. मी तो ६४ च्या ओळीत उजव्या पानावर चिकटवला आणि डावीकडं बघितलं. आजीला फोन केला. ती म्हणाली, 'तार आली तेव्हा मी बाळंतीण, नववा दिवस. विमानाचं भाडं म्हणजे चार महिन्यांचा पगार. दहाव्या दिवशी स्वतःच वस्तरा घेऊन बसले बाथरूममध्ये. मागचं जमेना, मग मी केलं. कामावर टोपी घालून जायचे, कोणाला सांगितलं नाही, गावाला पण कळवलं नाही, म्हणाले केस काढले हे काय कळवायचं.'

दोन पानं समोरासमोर ठेवली नसती तर तो फोटो पुढची पन्नास वर्षं विनोद म्हणूनच फिरला असता.

लिहिताना

सालवार लिहिलंच पाहिजे असं नाही. माझं मत विचाराल तर आठ-दहा प्रसंग घ्या आणि प्रत्येक तीन-चार पानांत संपवा. 'अत्यंत कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ' हे शब्द श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी ठेवा. त्यापेक्षा त्यांच्या शब्दांची एक यादी करा, ती स्वतंत्र छापा. नाना मँचेस्टरच्या बोलीत 'थँक यू'ला 'टा' म्हणायचे आणि ते मराठीत मिसळून 'टा गं बाई' व्हायचं, पुण्यात रिक्षावाल्यालासुद्धा 'टा हं'. चिडले की मात्र शुद्ध पाटणची शिवी.

भानगडी निघतातच. दारू, उधाऱ्या, भावाशी अबोला, एखादं गुपचूप प्रकरण. ज्या जिवंत माणसाला त्यानं त्रास होईल त्याला आधी दाखवा आणि त्याचं ऐका. वहीत राहू दे, छापायलाच हवं असं नाही.

फाइली तीन ठिकाणी ठेवा: घरातली हार्ड डिस्क, क्लाउड, आणि दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडं एक पेनड्राइव्ह. मुलाखती घरच्यांना चालत असतील तर एखाद्या संग्रहालाही देता येतात. मँचेस्टरच्या सेंट्रल लायब्ररीत अहमद इक्बाल उल्ला रेस सेंटर आहे, ते स्थलांतरितांच्या आठवणी जपतात. अमेरिकेत साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह २००८ पासून हेच करतंय, त्यांच्याकडं तर फक्त 'अमेरिकेतला पहिला दिवस' एवढ्याच गोष्टी गोळा करायचा वेगळा प्रकल्प आहे.

आणि एक छापील प्रत गावात नेऊन द्या, स्वतः. पोस्टानं नको. मी वर्षश्राद्धाला नेली. जेवणं झाल्यावर चुलतमामांनी 'वाच की काय लिवलंयस' म्हटलं म्हणून मी ६४ चं पान वाचलं, फोटो हातोहात फिरला. आता घरात सगळ्यात थोरले असलेले आजोबा, म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, त्यांनी फोटो बराच वेळ धरून ठेवला, मग म्हणाले, 'मग कळवायचं ना येड्यानं', आणि उठून आत गेले. मला वाटलं रागावले. तर माळ्यावरनं एक लोखंडी ट्रंक ओढत घेऊन आले, नानांनी गावाला लिहिलेली १९५८ पासूनची सगळी पत्रं, आणि म्हणाले, 'ही घे. तुला दावायची नव्हती.'

एकशे चाळीसच्या आसपास आहेत. सध्या स्कॅन करतेय, मागची बाजू पण.